ग्रीष्मशिबिरे आणि आपली मुले

वैशाख मासी शाळा मिटल्या म्हणजे मुलांच्या सुटीचे काय करावे, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. पूर्वी आजोळ होते, आमराई होती, नदीचा डोह होता. आता पुष्कळांची आजोळेही शहरांतील सदनिकांत जाऊन राहिली आहेत. अशा वेळी एखादा मुलगा आपल्या ख्रिस्ती मित्रासमवेत डोंगरावरील शिबिरास जाण्याची परवानगी मागतो आणि वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. या मागणीचा विचार न चिडता व न भिता कसा करावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ही रीत मूळची अमेरिकेतील. १८६१ मध्ये कनेक्टिकट प्रांतात फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपले विद्यार्थी पायी समुद्रकाठी नेऊन राहुट्यांत ठेवले. पुढे १८८५ मध्ये वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे कार्यकर्ते समनर डडली यांनी सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क प्रांतात एका तळ्याकाठी तळ दिला. ती संस्था लंडनात १८४४ मध्ये जन्मली व १८७५ मध्ये मुंबईस आली. धूर व गर्दी यांत वाढणाऱ्या मुलांस मोकळ्या सृष्टीत न्यावे, म्हणजे शरीर सुधारते आणि सृष्टिकर्त्याचे स्मरणही सहज होते, अशी या शिबिरांमागील भावना होती.

आपल्याकडेही मे महिन्यात मराठी ख्रिस्ती मंडळ्या मुलांसाठी सुटीतील बायबल शाळा व तरुणांसाठी शिबिरे भरवितात. प्रार्थना, शास्त्रवाचन, गायन, खेळ व सहभोजन असा त्यांचा साधारण क्रम असतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांस ख्रिस्ती समाज काही नवखा नव्हे. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये स्थापिलेल्या रुग्णालयात आपल्या कित्येक घरांतील माणसांनी उपचार घेतले आहेत.

साताऱ्याचे नाव निघाले म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण अपरिहार्य आहे. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या घरावर केवढे दुःख कोसळले ते लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. तेव्हा आपल्या आजीबाईंच्या मनातील भय अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस तेथे सारखाच प्रवेश होता. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी भजन व कीर्तन आणले, आणि महाराष्ट्राने त्यांस फुलामुलांचे कवी म्हणून आपलेसे केले.

दुसरे उदाहरण कुमाऊंतील सातताल आश्रमाचे. तो १९३० मध्ये डॉ. स्टॅन्ले जोन्स यांनी स्थापन केला. तेथे उन्हाळ्यात जमणारी मंडळी ध्यान व चर्चा करीत, आणि सफाई करणाऱ्या सेवकास सुटी देऊन त्याचे काम स्वतः वाटून घेत. उच्चवर्णीय मनुष्यास हा धडा किती कठीण, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको.

तिसरे उदाहरण आपल्या दारचे. पाचगणीस राजमोहन गांधी व त्यांचे सहकारी यांनी उभारलेले 'एशिया प्लॅटो' हे केंद्र १९६८ पासून चालू आहे. त्यामागील चळवळीचे प्रवर्तक फ्रँक बुकमन हे ल्यूथरपंथी पाद्री होते. परंतु केंद्रात सर्व धर्मांचे तरुण येतात. प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थ वृत्ती व प्रेम या चार कसोट्यांवर आपले वर्तन घासून पाहणे आणि काही काळ मौन धरून अंतःकरणाचा आवाज ऐकणे, ही तेथील शिकवण. आरण्यके ज्या देशात रचली गेली, तेथील मुलास एकांत व मौन परके वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा आमचे मत असे की, पालकांनी प्रथम चौकशी करावी. शिबिर मंडळीचे असेल, तर तेथे बायबल शिकविले जाणारच. तो त्यांचा अधिकार आहे, आणि ते त्यांनी लपवावे अशी अपेक्षा अनुचित होय. मुलास हे आधी स्पष्ट सांगावे. जाणत्या वयाचा मुलगा दुसऱ्याची प्रार्थना आदराने ऐकून आपली संध्या करू शकतो. अजाण बालकास मात्र घाईने पाठवू नये. शिबिर सर्वांसाठी असेल, तर निःशंक पाठवावे. पण ज्या घरात मुलास गायत्रीचा अर्थ कोणी सांगितलेला नाही, त्या घराने दोन दिवसांच्या गीतांस भ्यावे, हे आम्हांस लज्जास्पद वाटते. आपला धर्म मुलास आपण शिकविला असेल, तर तो डोंगरावर विसरून येणार नाही.

याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न आपण काय करतो हा आहे. स्वतःचे ताट घासणे, अंथरूण घालणे, सर्व जातींच्या मुलांच्या पंगतीस बसणे, हे शिक्षण साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात गोरगरिबांच्या मुलांस मिळाले. आपल्या सुखवस्तू घरांतील मुले मात्र त्यास अद्याप पारखी आहेत. आपल्या प्रदेशात स्थळांची वाण नाही. मिरजेजवळ दंडोबाचा डोंगर आहे. सागरेश्वरास प्राचीन देवालयांचा समूह आहे आणि माणसाने प्रयत्नपूर्वक उभे केलेले हरिणांचे अभयारण्यही आहे. दहा घरांनी एकत्र यावे, पंधरा मुले घ्यावी, कोणाची जात वा धर्म विचारू नये. पहाटे सूर्यनमस्कार, दिवसा वृक्ष व पक्षी यांची ओळख, सायंकाळी ज्याची त्याची प्रार्थना आणि रात्री नक्षत्रे, एवढा कार्यक्रम पुरे. स्वयंपाक व भांडी मुलांकडेच सोपवावी. अशा शिबिरास आपल्या मुलाने त्या ख्रिस्ती मित्रासही बोलवावे; पाहुणचाराची फेड करणे हा गृहस्थाचा धर्मच आहे.