रिमोट दाबला, दार उघडेना

आचऱ्याच्या रामेश्वराचं दर्शन घेऊन गाडीपाशी आलात आणि रिमोट दाबूनही दार उघडेना, तर घाबरू नका. रिमोटच्या पोटात बहुधा धातूची चावी लपलेली असते. खटका सरकवून ती काढा, ड्रायव्हरच्या दाराला लावा. आतला दिवा मिणमिणत असेल तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. दिवा लख्ख असेल तर रिमोटचा सेल बदलून पाहा. पुष्कळदा तो नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. एकच दार अडलं, तर दोष त्या दारातल्या मोटरचा किंवा वायरीचा. आचऱ्यासारख्या किनाऱ्यावर मात्र खरी अडचण वेगळीच: वापरात नसलेलं चावीचं भोक खाऱ्या हवेने गंजून बसतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी दार चावीनेच उघडा.