अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधला ‘लँग्वेज आर्ट्स’चा (म्हणजे इंग्रजी विषयाचा) तास

इयत्ता : बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी, वय साधारण 11 ते 14.

अभ्यासक्रम : देशभर एकच पाठ्यपुस्तक नाही. 2010 मध्ये आलेली ‘कॉमन कोअर’ मानकं (कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याचे निकष) अनेक राज्यांनी घेतली. टेक्सास आणि व्हर्जिनियाची स्वतःची आहेत.

वाचन : कादंबरी, कविता, नाटक आणि तितकंच माहितीपर लेखन. उत्तराला मजकुरातला पुरावा हवाच. ‘नायक घाबरला आहे’ एवढ्यावर भागत नाही; ते कुठल्या ओळीवरून कळलं, ती ओळ अवतरणचिन्हांत देऊन तिचा अर्थ उलगडावा लागतो. आपल्याकडून नव्याने गेलेल्या मुलांना सवय लागायला वेळ लागतो तो इथेच.

लेखन : तीन प्रकार : युक्तिवाद, माहिती, कथन. कॉमन कोअरनुसार पाचवीपर्यंत ‘मत’ मांडायचं, सहावीपासून ‘दावा’, आणि सातवीत विरोधी दाव्याचीही दखल घ्यायची. कच्चा खर्डा, सुधारणा, पुनर्लेखन हाही अभ्यासाचाच भाग.

व्याकरण : कॉमन कोअरनुसार सहावीत सर्वनामं, सातवीत वाक्यांश व उपवाक्यं, आठवीत कर्तरी-कर्मणी प्रयोग.

परीक्षा : 2015 च्या केंद्रीय कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी वाचनाची राज्यस्तरीय चाचणी.