दात येताना जुलाब होतातच?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एका तरुण दांपत्याला पहिली मुलगी झाली. बाळाला पाहावे, जय भीम करावा म्हणून आम्ही पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर तथागत, बाबासाहेब आणि रमाई यांच्या तसबिरी. खाली बाळंतिणीची खाट. चहा घेताना आमचा पाय खाटेखालच्या वर्तमानपत्राला लागला आणि कागद सरकला. खाली एक कोरी वही आणि नवे पेन.

बाळाची आजी ओशाळली. म्हणाली, "भाऊ, पूजा नाही केली हो. हळद नाही, कुंकू नाही. नुसती वही ठेवली. लिहिणारी आलीच, तर माघारी जाऊ नये."

लिहिणारी म्हणजे सटवाई. पाचवीच्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत गावाकडून आपल्याबरोबर चाळीत आली. शेजारच्या मावशी तर आमच्याशी वादच घालू लागल्या, "बावीस प्रतिज्ञांत सटवाईचं नाव कुठं आहे, दाखवा!" आम्ही म्हणालो, मावशी, तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीबरोबर बाकीच्या सगळ्या देवदेवता आल्याच की. सगळे हसले, आम्हीही हसलो. बाळाच्या वडिलांना मात्र आम्ही आमच्या कारकुनी सवयीप्रमाणे सांगितले की सटवाई लिहो न लिहो, 21 दिवसांच्या आत जन्मनोंदणीच्या कार्यालयात नोंद झाली पाहिजे, आणि धर्माच्या रकान्यात न विसरता 'बौद्ध' लिहा.

परंतु घरी परतताना आम्हांला त्या म्हातारीचे हसू येईना. ती वही तिने भक्तीने ठेवलेली नव्हती, भीतीने ठेवली होती. तिच्या सासूच्या काळात घरोघरी दोन-तीन मुले जगत आणि तितकीच जात. आपल्या सर्वांच्या पित्याच्या घरातही हेच झाले. बाबासाहेब आणि रमाई यांचा यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो 1926 च्या जुलैत. ज्या समाजाच्या आठवणीत इतके रिकामे पाळणे आहेत, त्या समाजाच्या आजीला "अंधश्रद्धा सोड" एवढे सांगून चालत नाही. तिच्या भीतीला दुसरे काही काम द्यावे लागते. हे आम्ही कोणत्या शिबिरात शिकलो नाही, आमच्याच घरात शिकलो.

आमच्या घरचा शनिवार

2010 सालचा ऑगस्ट महिना. आमची मोठी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. शुक्रवारी रात्री तिला पातळ शौचास सुरुवात झाली. सकाळपर्यंत सहा-सात लंगोट झाले. आमच्या आई म्हणाल्या, "दात येताहेत. दात येताना जुलाब होतातच. तुला बी झाले होते." शेजारपाजारच्या चार अनुभवी बायकांनी मान डोलावली. आईंचा दुसरा सल्ला असा, की पोटाला विश्रांती द्या. दूध बंद, पाणी बंद. जे वरून घालाल ते खालून जाईल. जायफळाचे उगाळे तेवढे चाटवा.

वरवर पाहता हे किती पटण्यासारखे आहे, पाहा. गळक्या पिंपात पाणी ओतू नये, तसेच हे! आमच्या पत्नीला ते पटत नव्हते. पण ती नोकरी करणारी सून. घरी मूल सांभाळणाऱ्या सासूपुढे तिने किती बोलावे? आणि आम्ही? आम्ही बी.कॉम. झालेले, कार्यालयात बारीकसारीक हिशेब तपासणारे. आम्ही काहीच तपासले नाही. त्या दिवशी संध्याकाळी विहारात वर्षावासानिमित्त ग्रंथवाचन होते आणि नंतर आमचे दोन शब्द. विषय होता कालाम सुत्त. परंपरेने चालत आले म्हणून, मोठ्यांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा तथागतांचा उपदेश आम्ही पाऊण तास रंगवून सांगितला. उपासक-उपासिकांनी साधुकार दिला. आणि घरी आमची लेक सकाळपासून पाण्याविना होती.

रात्री नऊला परत आलो तेव्हा ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हते. दुपारपासून लघवी झाली नव्हती. डोळे खोल गेलेले. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "टाळू आत गेली बघ हिची," आणि टाळूवर तेलाचा बोळा ठेवायला निघाल्या.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. आमच्या आईंची नजर अचूक होती. बाळाची टाळू खोल जाणे हे अंगातले पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे आणि डॉक्टरही तेच बघतात. आमच्या पदवीला जे दिसले नाही ते तिसरी शिकलेल्या आईंना अंधाऱ्या खोलीत बोटांना कळले. चुकला तो उपाय. टाळू वरून तेलाने भरत नाही, आतून पाण्याने भरते.

रिक्षा करून रुग्णालयात गेलो. तेथील एका परिचारिकेने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, हळूहळू बसली. त्या बाईंनी आम्हांला बोल लावला नाही. एका पातेल्यात ओआरएसचे पाणी केले, वाटी-चमचा आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दर मिनिटाला एक चमचा. चार तास. बापानेच पाजायचे." पहिला चमचा पुढे केला तेव्हा त्या लेकराने तो दोन्ही हातांनी धरला. ती तहानलेली होती! दिवसभर आम्ही चौघे शहाणे तिच्याभोवती बसून तिला पाणी नाकारत होतो. मध्ये एकदा उलटी झाली. परिचारिका म्हणाल्या, दहा मिनिटे थांबा, मग पुन्हा, जरा सावकाश. पहाटे दोनच्या सुमारास तिने आमची मांडी भिजवली. लघवी झाली म्हणून इतका आनंद झालेला माणूस त्या वॉर्डाने आमच्यासारखा दुसरा पाहिला नसेल.

मग दातांचे काय?

दातांचा आणि जुलाबांचा संबंध नाही. सहा महिन्यांनंतर दात येऊ लागतात. त्याच सुमारास बाळ रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, वरचे अन्न सुरू होते. हिरड्या शिवशिवतात म्हणून आणखी चावते. जंतू पोटात जातात ते या वाटेने, आणि आळ येतो दातांवर. आळ दातांवर आला की उपचार लांबतो, हा खरा धोका. आमच्या वस्तीत पाणी पहाटे येते आणि पिंपात दिवसभर साठते. त्यात वाटी बुडवण्याऐवजी दांड्याचे ओगराळे वापरावे, बाळाचे पाणी उकळून घ्यावे, शी काढल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. दुधाची बाटली तर घरातून काढूनच टाका. तिचे बूच आतून कधीच नीट निघत नाही. वाटी-चमचा बरा.

आता ओआरएसविषयी. पुडी आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे मिळते. ती किती पाण्याची आहे हे पुडीवर वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते. पूर्ण पुडी एकदम, मोजलेल्या पाण्यात. निम्मी पुडी अंदाजाने टाकू नका. केलेले पाणी 24 तासांनंतर ओतून द्या. पुडी नसेल आणि रात्रीची वेळ असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग नको; मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. चव बघा, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे, नाव काहीही असो.

अंगावरचे दूध मुळीच तोडू नये, उलट जास्त वेळा पाजावे. मोठ्या बाळाला मऊ भात-वरण, केळे, ताक चालते. जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅमची एक, अशा 14 दिवस द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी सोडायच्या नाहीत. सहा महिन्यांखालील बाळाला एरवी पाण्याचा थेंबही लागत नाही; त्याला जुलाब लागले तर दूध पाजत पाजत थेट डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या मुलाच्याही शौचात रक्त दिसले, प्रत्येक घोट उलटून पडू लागला, मूल पिईनासे झाले किंवा सुस्त पडून राहिले, तर घरी चमचा घेऊन बसू नये, रिक्षा बोलवावी.

याच ओघात रोटाव्हायरसचे थेंब. लहान मुलांच्या जोराच्या जुलाबांचे हे एक मोठे कारण. ही लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट मिळते. आमच्या मुलीच्या वेळी ती सरकारी दवाखान्यात नव्हती.

आपल्याकडे आणखी एक खूळ आहे. सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असे वाटतच नाही. पुडी दिली तर "डॉक्टरने नुसती पावडर दिली" म्हणून नाराजी, आणि बाटली टांगून हजार रुपये घेतले की समाधान! अशांनी 1971 सालची हकिकत ऐकावी. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे पाणी पिंपांतून तयार करवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजवले. शंभरांत तीस दगावत होते, ते चारांच्या आत आले. पाजणारे कोण? त्यांच्या आया, त्यांचे भाऊ, त्यांचे बाप. 2022 मध्ये महालनबीस गेले, आणि पद्मविभूषण त्यांना 2023 साली, मरणोत्तर जाहीर झाले. असो.

पाजणार कोण?

सल्ले आईला दिले जातात, पण दिवसभर बाळ असते कोणाजवळ? 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्यांत बाबासाहेब होते. आज कायद्याने पहिल्या दोन अपत्यांपर्यंत 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. परंतु धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर, कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या भगिनींपैकी ती किती जणींना मिळते, हे आपण जाणतो. तिसऱ्या महिन्यात त्या कामावर जातात आणि बाळ आजीजवळ राहते. म्हणून आम्ही आता विहारात माता-पालकांचा मेळावा घेतो तेव्हा पहिल्या रांगेत आज्यांना बसवतो आणि पातेले, चमचा, मीठ-साखर त्यांच्या हातात देतो. भाषण दहा मिनिटांचे. दुसऱ्या रांगेत बापांना बसवायचे असते. ते अजून पुरेसे येत नाहीत. मुलाला जुलाब झाल्याच्या दिवशी कामावर खाडा करायचा तो आईनेच, असा नियम आपल्या धम्मात कुठे आहे, हे त्यांना एकदा विचारायचे आहे.

त्या पाचवीच्या घरी आम्ही परवा पुन्हा गेलो, बरोबर आमच्या आई होत्या. वही अजून खाटेखालीच होती. आम्ही काही बोललो नाही. आईंनी पदराच्या गाठीतून ओआरएसच्या दोन पुड्या काढून त्या दुसऱ्या आजीच्या हातावर ठेवल्या आणि तिची बोटे धरून बाळाच्या टाळूवर हलकेच फिरवली. "आज कशी भरलेली आहे, बघून ठेव," म्हणाल्या. "कधी आत गेलेली लागली, तर तेल शोधू नको. पातेलं शोध."