बढती ठरते तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसता

पुण्याच्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये आठ-दहा वर्षं कोड लिहून 'सीनिअर'वरच अडकलेले खूप इंजिनीअर भेटतात. त्यांचे कष्ट कमी नसतात. बढती ठरते कशी, हे मात्र त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

गैरसमज : मान खाली घालून चांगलं काम केलं की बढती आपोआप मिळते.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अप्रेझलनंतर कॅलिब्रेशनची बैठक होते. निरनिराळ्या टीमचे मॅनेजर तिथे आपापल्या माणसांची बाजू मांडतात आणि बजेट आधीच ठरलेलं असतं. 'सगळी कामं वेळेत केली' हे वाक्य तिथे टिकत नाही, कारण ते सगळ्यांबद्दलच बोललं जातं. 'बिलिंगचा जॉब रात्री अडकायचा. तिनं मूळ शोधलं, दोन टीमना एकत्र बसवून डिझाइन बदललं, आता सपोर्टला रात्री फोन येत नाहीत' हे टिकतं. मॅनेजरला वर्षभरातलं एवढं आठवेल अशी अपेक्षा धरू नका. काय अडलं होतं, मी काय ठरवलं, कुणाचा त्रास वाचला, एवढं दर महिन्याला चार ओळींत लिहून त्याच्याकडे पाठवा. ही फुशारकी नाही. तुमची बाजू मांडणाऱ्याला दिलेली सामग्री आहे.

बढती बहुधा वरच्या पायरीचं काम आधीच करणाऱ्याला मिळते. म्हणून त्या पायरीच्या अपेक्षा लेखी मागून घ्या, आणि त्यातलं एखादं काम अप्रेझलच्या निदान सहा महिने आधी अंगावर घ्या.

इथेच एक सावधगिरी. नव्यांना शिकवणं, पाठपुरावा करणं, दोन टीममधले गैरसमज मिटवणं, या कामांना सॉफ्टवेअर इंजिनीअर टान्या रायली यांनी 'ग्लू वर्क' असं नाव दिलं. या कामांशिवाय प्रोजेक्ट चालत नाही, पण बढतीच्या वेळी ती मोजली जात नाहीत, आणि बायकांच्या वाट्याला ती जास्त येतात. ही कामं तुमच्याकडे असतील तर ती तुमच्या उद्दिष्टांत लेखी घालून घ्या.

गैरसमज : पुढे जायचं तर मॅनेजरच व्हावं लागतं.

आयबीएमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'फेलो' हे पद निर्माण केलं, ते असामान्य तांत्रिक कामगिरी करणाऱ्यांसाठी. आज अनेक प्रॉडक्ट कंपन्यांत स्टाफ, प्रिन्सिपल अशी समांतर शिडी आहे. पण कागदावरची शिडी पाहून विश्वास ठेवू नका. पुण्याच्या ऑफिसात त्या पदांवर खरोखर किती माणसं आहेत, ते मोजा. एकही नसेल, तर तिथे ती वाट अजून कुणी चाललेलं नाही.

गैरसमज : इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही, म्हणून मी मागे.

लातूर-जळगावच्या कॉलेजांतून आलेल्या हुशार मुलामुलींना हा समज आतून पोखरतो, म्हणून याचं मला जास्त वाईट वाटतं. ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून २००४मध्ये पॉवरपॉइंट हद्दपार झालं. त्याऐवजी लिहिलेलं टिपण आणायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचं, अशी पद्धत पडली. म्हणजे तिथेही विचाराची पारख कागदावरच होते. छोटी वाक्यं, एक आकृती, दोन पर्याय आणि त्यातला एक निवडण्याचं कारण, एवढं दोन पानांत मांडता आलं तर उच्चाराकडे कुणी लक्ष देत नाही. मसुदा आधी मराठीत लिहायलाही हरकत नाही.

सर्टिफिकेट घेतलं की बढती, हेही खरं नाही. एडब्ल्यूएसची सर्टिफिकेटं तीन वर्षांनी नव्यानं मिळवावी लागतात. त्यातलं ज्ञान प्रॉडक्शनमध्ये वापरलं नसेल तर मुलाखतीत ते लगेच उघडं पडतं.

कंपनी बदलल्याशिवाय पगार वाढत नाही, हे मात्र अर्धं खरं आहे. उडी बऱ्याचदा मोठी मिळते. पण ऑफर घेताना पदाची पायरी विचारा, कारण एक पायरी खाली घेऊन पगार वाढवणाऱ्या ऑफरही असतात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, तेव्हा साडेचार वर्षं झाली असतील तर राजीनाम्याची तारीख हिशेब करून ठरवा.