उकिरड्याचा पांग कोण फेडणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडसारख्या गावात हा पांग फिटतो तो यंत्र आल्यावर, अशी सगळ्यांची समजूत. ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचं काम वाढवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "निधी मंजूर झाला का?" झाला म्हटलं की माणसं निर्धास्त होतात. खरी ओढाताण तिथूनच सुरू होते.

निधीबद्दलचा पहिला गैरसमज असा, की मोठी शहरं सगळं ओरपतात आणि लहान गावांच्या वाट्याला काही येत नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये उलटं होतं. एक लाखाच्या आतल्या गावांच्या घनकचरा प्रकल्पांना केंद्राचा वाटा निम्मा, दहा लाखांवरच्या शहरांना फक्त पाव. १५ व्या वित्त आयोगानंही लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधून दिला होता. त्यातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. शेड, यंत्रं आणि गाड्या अशा पैशातून उभ्या राहतात. पण अभियानाचा पैसा उभारणीचा. चालकाचा पगार, डिझेल, कचरा निवडणाऱ्या बायांची मजुरी हे नगर परिषदेनंच बघायचं. लग्न मामानं लावून दिलं, तरी संसार आपल्यालाच करायचा असतो.

मग लोक म्हणतात, "खत विकून खर्च निघंल की." हा गैरसमज सगळ्यांत गोड आहे, म्हणून त्याला जरा वेळ देऊ.

हिशेबासाठी ३५ हजार वस्तीचं गाव धरा. माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला तर साडेदहा टन होतो. त्यातला निम्मा ओला, म्हणजे सुमारे पाच टन. ओल्या कचऱ्यात पाणीच जास्त, त्यामुळे कुजून, वाळून, चाळून पाचवा हिस्सा उरला तर हाती येईल एक टन खत. किलोला तीन रुपये भाव मिळाला तर दिवसाचे तीन हजार. आता दुसरी बाजू. दहा घंटागाड्या, प्रत्येकीवर दोन माणसं, रोजी ५०० रुपये. मजुरीच झाली दहा हजार. डिझेल आणि खताच्या आवारातला खर्च मिळून आणखी आठ हजार धरा. खताचे पैसे वजा जाता महिन्याला साडेचार लाखांची तूट उरते.

भाव वाढवावा, तर शेतकरी घेणार नाही आणि त्याचं चुकतही नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला नत्र किमान ०.८ टक्के लागतं. युरियात ते ४६ टक्के असतं. म्हणजे टनभर कंपोस्टमधून आठ किलो नत्र, आणि युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीतून वीस किलोच्या वर. युरियाशी तुलना करून हे खत विकायला गेलं की फजिती ठरलेली. त्याची किंमत आहे सेंद्रिय कर्बात. सोयाबीनमागून सोयाबीन घेऊन दमलेल्या काळ्या जमिनीला तोच हवा असतो. आणि तिथं त्याची स्पर्धा शेणखताच्या ट्रॉलीशी आहे. केंद्रानंही २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीला टनामागे १,५०० रुपये मदत ठरवली होती. आपसूक खपणाऱ्या मालाला अशी मदत कोण देईल?

म्हणजे तूट घरांवर वाटायची. त्या गावात सात हजार घरं धरली, तर घरामागे महिन्याला साधारण ६५ रुपये, रोजचे दोनाच्या थोडे वर. "कचऱ्याले बी पैसे द्याचे का? घरपट्टी भरतोच ना आमी!" ही तक्रार रास्त वाटते. पण २०१६ च्या घनकचरा नियमांतच वापरकर्ता शुल्काची तरतूद होती, आणि घरपट्टीतून दिवाबत्तीपासून नालीपर्यंत सगळंच भागवायचं असतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला घरोघरचे लोक महिन्याचं शुल्क देतात, आणि ते थेट कचरा नेणाऱ्या बाईच्या हाती पडतं. पैसे कुठं गेले हे दिसलं की कुरकुर कमी होते, असं माझं मत. त्याच शहरात घरचं खत घरी करणाऱ्यांना मिळकतकरात सवलतही आहे.

मोठ्या यंत्राचा मोह हा आणखी एक गैरसमज. चोवीस तासांत खत करणारी यंत्रं दाखवली जातात. त्यातून बाहेर येतो तो बहुतेक वेळा वाळवलेला, दळलेला कचरा. कुजायला त्याला पुढं आठवडे लागतातच आणि विजेचं बिल वेगळं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची पद्धत रूढ केली. त्यांच्याच आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' झाली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्यायचे आणि वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. गावच्या ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त, कर्ब कमी, म्हणून तो सडतो आणि घाण येते. त्यात सोयाबीनचं कुटार मिसळलं की वास बराच आटोक्यात येतो. वास हा खताचा स्वभाव नाही, चुकीच्या मिश्रणाचा पुरावा आहे.

राहता राहिला सर्वांत कडवट आक्षेप: "आमी येगळा देतो, गाडीत समदं एकच होते." हा गैरसमज नाही, बऱ्याच ठिकाणी खरंच होतं. त्याचंही कारण पैशातच सापडतं. ठेका वजनावर दिला, की ठेकेदाराला माती, दगड, भिजलेला प्लास्टिक कचरा सगळंच प्यारं. टनाला पैसे मिळत असताना वेगळं करायची त्याला गरज काय? सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगर परिषदेनं नेमकं वर्गीकरणच धरून ठेवलं, आणि जिथं कचऱ्याचा डेपो होता तिथं आता लोक बघायला येतात. तेव्हा पुढच्या वेळी निधीची बातमी आली की निविदेतलं एकच कलम वाचा: पैसे टनावर आहेत की वेगळ्या झालेल्या कचऱ्यावर.

आणि आवारात गेलात तर राशीत लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी ओढा. ती हातात धरवली नाही, तर आत काम चालू आहे.