तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातला दाब का बदलतो? मोठा मायनस नंबर असणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

शस्त्रक्रिया झाली, डोळा सरळ दिसू लागला, की काम संपलं असं अनेकांना वाटतं. पण चष्म्याचा मायनस नंबर खूप मोठा असेल, तर आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. ती म्हणजे डोळ्यातला दाब.

हा दाब म्हणजे काय?

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर पडतो. या ये-जा करण्यावर दाब ठरतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका दाब सामान्य मानतात. तो वाढलेलाच राहिला, तर दृष्टीची नस हळूहळू खराब होऊ शकते. यालाच काचबिंदू म्हणतात. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना हा धोका मुळातच जास्त असतो.

मोठ्या नंबरामुळे डोळा तिरळा कसा होतो?

उणे ६ किंवा त्याहून मोठ्या नंबरात डोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. एरवी सुमारे २४ मिलिमीटर असणारी लांबी इथे बहुधा २६ च्या पुढे जाते. काहींमध्ये हा लांबलेला भाग वरच्या आणि बाहेरच्या स्नायूंमधल्या फटीतून सरकतो. स्नायू जागेवरून घसरतात आणि डोळा आत व खाली वळतो. आजार फार वाढला, तर तो तिथेच अडकून बसतो.

शस्त्रक्रियेनंतर दाब कमी का होतो?

जपानी डॉक्टर योकोयामा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत हे दोन स्नायू टाक्याने एकमेकांजवळ आणतात. फट बुजते, डोळा पुन्हा जागेवर येतो. गरज पडल्यास आतल्या बाजूचा आवळलेला स्नायूही सैल करतात. डोळ्यावरचा ताण कमी झाला की दाबही उतरू शकतो.

यात मोजमापाचाही भाग आहे. अडकलेला डोळा दाब मोजण्यासाठी सरळ करायला गेलं, की ताठ स्नायू त्याला दाबतो आणि आकडा फुगतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा सहज सरळ राहतो, त्यामुळे आकडा खऱ्याच्या जवळ जातो.

मग वाढतो कधी?

सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे थेंब दिले जातात. काहींमध्ये या थेंबांनीच दाब वाढतो, आणि मोठा मायनस नंबर असणाऱ्यांमध्ये ही शक्यता जास्त असते. तेव्हा डोळा दुखेलच असं नाही. म्हणूनच तपासणीची तारीख चुकवू नये.

काय काळजी घ्यावी?

- शस्त्रक्रियेआधीचा दाब नोंदवून ठेवा. तुलना त्याच्याशीच होते.
- घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना सांगा.
- लेसरने नंबर काढला असेल, तर तेही सांगा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ झाल्याने आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.
- स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरू नका.
- आकडा उतरला म्हणून काचबिंदूचं औषध स्वतःहून बंद करू नका.
- तीव्र वेदना, अचानक कमी दिसणं, प्रकाशाच्या चमका किंवा काळे ठिपके जाणवले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दाबाचा आकडा चांगला आला, तरी नसेची आणि नजरेच्या कक्षेची तपासणी टाळू नये. काचबिंदूमुळे गेलेली नजर परत मिळत नाही.