नाद थांबवायचा कोणी?

बारामतीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यात शिरते. बेलवाडीला आणि पुढे इंदापूरला गोल रिंगण होतं. तिथे अश्वाकडे सगळेच बघतात. आपण जरा टाळकऱ्यांच्या हातांकडे बघू. टाळ एकमेकांवर आपटून लगेच सोडवले की नाद पसरत जातो, तसेच दाबून धरले की जागीच मिटतो. नाद कधी उठवायचा आणि कधी मिटवायचा, दोन्ही निर्णय एकाच हाताचे.

टाळांचा हा ठेका संगणकाला शिकवायला बसलं की गंमत सुरू होते. संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर ज्या मिडी पद्धतीवर चालतं, ती १९८३ची. तिच्यात स्वरांसाठी मूळ संदेश दोनच: स्वर चालू, स्वर बंद. अर्ध्या मात्रेचा स्वर लिहिलात तर अर्ध्या मात्रेनंतर बंद! खरी घंटा असं काही ऐकून घेत नाही. वाजवली की आपल्या मर्जीने घुमते.

पाश्चात्त्य चर्चमधल्या हातघंटांच्या वृंदात हाच पेच रोजचा. एक घंटा, एक स्वर. तो थांबवायला वादक घंटा खांद्याशी टेकवतो. ‘टेकवू नका, घुमू द्या’ हे सांगायला स्वरलिपीत ‘एल. व्ही.’ लिहितात आणि नेहमीसारखं वाजवायचं झालं की ‘आर’. माणसाला एवढं पुरतं. पुष्कळदा सॉफ्टवेअरला मात्र ती नुसती अक्षरं वाटतात: छापून सुरेख येतं, वाजतं कोरडं.

यावरची युक्ती मला फार आवडते. तेवढ्या भागाखाली पियानोच्या, नाद धरून ठेवणाऱ्या पेडलची रेघ ओढायची आणि ती छपाईत दिसणार नाही अशी लपवायची. रेघ सुरू होताच मिडीच्या ६४ क्रमांकाच्या नियंत्रकाला १२७ हा आकडा जातो, संपताच ०. मधले सगळे स्वर घुमत राहतात. हातातल्या घंटेला पियानोवाल्याचा पाय! पण हा पाय त्या चॅनेलवरच्या सगळ्याच स्वरांना धरून ठेवतो. एक ओळ घुमवायची आणि दुसरी मिटवायची असेल तर दोघींना वेगळे चॅनेल द्यावे लागतात.

आपल्याकडच्या भातखंडे स्वरलिपीत स्वरापुढची आडवी रेघ स्वर लांबवते, पण तीही मात्रा मोजूनच. टाळाचा नाद अशा मोजणीत मावत नाही. त्याला जवळचा मार्ग मिडीच्या ड्रमच्या यादीत सापडतो. तिथे हाय-हॅट या जोडझांजेचा खुला आवाज ४६ क्रमांकावर, मिटलेला ४२वर. आणि बहुतेक ध्वनिसंचांत ४२ वाजला की घुमणारा ४६ तिथल्या तिथे कापला जातो. त्या यादीत टाळ नाही. पण खुल्या आणि दाबलेल्या टाळाचे आवाज स्वतः रेकॉर्ड करून असेच, एकाने दुसऱ्याला कापावं अशा गटात बांधता येतात.

एवढं जमलं तरी दिंडी होत नाही. तोच रेकॉर्ड केलेला टाळ एकाच क्षणी दहा वेळा वाजवला, तर दहा टाळ ऐकू येतच नाहीत. एकच टाळ मोठ्याने वाजतो. प्रत्येकाला सेकंदाचे काही हजारांश मागेपुढे सरकवावं लागतं, सूरही किंचित वेगळा द्यावा लागतो. मग कुठे टाळकऱ्यांचा घोळका उभा राहतो.